शिडी आबांनीच धरली होती

मंडळी, आज मला घरातच दगा झाला.

काल मेहरूण भागातल्या दुकानातून बटण आणून बाथरूमच्या दिव्याचं जुनं बटण मी स्वतः बदललं. आज सकाळी बघतो तर एक्झॉस्ट फॅन बंद. बायको म्हणाली, "येत नाही तर बोर्डात हात कशाला घालायचा?" माझे वडील, आबा, शेजारी उभं राहून मान हलवत होते.

मेन स्विच पाडून तीनदा बोर्ड खोलला, सगळ्या वायरी पुन्हा आवळल्या. फॅन ढिम्म. शेवटी शिडी लावून वर चढलो. शिडी आबांनीच धरली.

वर बघतो तर फॅनची वायर काढलेली आणि टोकांना व्यवस्थित काळी टेप गुंडाळलेली!

खाली पाहिलं. आबा दुसरीकडे बघत होते.

"अरे, शेजारच्या अक्कांनी फॅनसमोरच ज्वारीचे बिबडे वाळत घातलेत. बाथरूमची हवा जाते ना त्यांच्यावर. म्हणून पहाटेच काढली."

"मग सकाळी सांगितलं का नाही?"

"म्हटलं, तुला सापडते का बघू."

बिबडे, म्हणजे ते ज्वारीचे पापड, वाळले की वायर जोडून देणार म्हणे. पण दिवसभर मी माझ्याच हातांना शिव्या घातल्या, त्यांची माफी कोण मागणार?