दुसरा कान

रुओकोयार्वी तळ्यावरच्या पक्षीवाल्यांचा एक जुना नियम आहे. आवाज एकट्याने ऐकला तर ती बातमी, दोघांनी ऐकला तर तो पक्षी. पक्षीमोजणीच्या दिवशी तळ्याकाठच्या मनोऱ्यावर कुणी बोट वर केलं, की बाकीचे आधी एकच विचारतात, "दुसरा कान कुणाचा?" दुसरा कान मिळाला नाही तर पक्षी मोजणीत धरत नाहीत, मग तो कितीही जोरात ओरडो.

या नियमाने इर्या लेम्मेत्तीला एकदा पुरतं बुडवलं होतं.

तेव्हा तिचा नवरा काउको जिवंत होता आणि पीत होता. घरात बसवत नसे, म्हणून ती सकाळी तळ्यावर जाई. दलदलीवर टाकलेल्या फळ्यांच्या वाटेने बर्चच्या झाडांखालून पूर्ण वळसा घालायचा, टिटव्या आल्या का बघायचं, हंसांची जोडी मोजायची, आणि मग घरी जाऊन रिकाम्या बाटल्या उचलायच्या. तळ्याने तिला शहाणं ठेवलं, असं ती स्वतः म्हणायची. पुढे ती गावातल्या पक्षीमंडळात गेली. मंडळाचा म्होरक्या आर्मास हुओवी. उंच माणूस, आवाज भरदार, आणि तळं आपल्याच बापजाद्यांनी खणलंय अशा थाटात चालायचा.

एका वसंतात ती दोघं फळ्यांच्या वाटेवर पुढेमागे चालली होती. पलीकडच्या लव्हाळ्यांतून आवाज आला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तसा, खोल, घुमणारा. तापस बगळा. तो या तळ्यावर कधी कुणी ऐकला नव्हता. इर्या जागच्या जागी थांबली. पुढे आर्मासही थांबला. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पुन्हा तोच आवाज आला. दोघांनीही श्वास रोखला होता.

संध्याकाळी मंडळाच्या कॉफीला इर्याने ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याजवळ सांगण्यासारखं काही होतं. दुसरा कान कुणाचा, असं विचारताच तिने आर्मासकडे पाहिलं. तो कॉफीत साखरेचा खडा बुडवत होता.

"मी नाही बुवा काही ऐकलं," तो म्हणाला. "कुणीतरी बाटलीत फुंकत असेल. लेम्मेत्तींच्या घरी बाटल्यांना काय तोटा."

सगळे हसले. तिच्या घरची गोष्ट गावाला ठाऊक होती, पण ती अशी टेबलावर कुणी मांडली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात आर्मासने तापस बगळा ऐकला. दुसरा कान त्याच्या मेव्हण्याचा. गावच्या पेपरात फोटो छापून आला, आर्मास दुर्बीण गळ्यात घालून लव्हाळ्यांकडे बोट दाखवतोय. आणि इर्याला नाव पडलं, बाटली-इर्या. दुकानात, टपालकचेरीत, काउकोच्या दफनानंतरच्या कॉफीतसुद्धा कुणीतरी ते हळूच म्हणालं.

ती भांडली नाही. राग तिने हेरिंग माशासारखा मिठात घालून ठेवला. मंडळ सोडलं नाही, फिरणं सोडलं नाही, दर मोजणीला वेलदोड्याचे पाव भाजून नेत राहिली. लोक म्हणाले, मनाची मोठी बाई. तिचे कान मात्र गावात सगळ्यात तल्लख होते हे हळूहळू सगळ्यांनी मान्य केलं. आर्मासनेही केलं, कारण वय झालं तसं त्याला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. "इर्या, हे काय बोलतंय गं?" असं तो विचारायचा, आणि ती सांगायची. प्रत्येक वेळी खरं सांगायची. खोटं एकदाच वापरायचं होतं, ते उगाच झिजवायचं कशाला?

मोजणी मे महिन्यात असते. देशभर तळ्याकाठच्या मनोऱ्यांवर लोक सकाळपासून चढून बसतात. ज्या मनोऱ्यावर जास्त जातींचे पक्षी, तो जिंकला. आमची चुरस शेजारच्या हानकालाच्या मनोऱ्याशी. यंदा आर्मासने जाहीर केलं होतं की म्होरक्या म्हणून त्याची ही शेवटची मोजणी. पाठीमागे मंडळी कुजबुजत होती, म्हाताऱ्याला हल्ली नसलेलं ऐकू येतं. ते त्याच्याही कानावर गेलं होतं. तेवढं त्याला बरोबर ऐकू आलं.

वेळ संपत आली तेव्हा हानकालाशी बरोबरी होती. मंडळी खाली शेकोटीवर सॉसेज भाजायला उतरली होती, हसण्याखिदळण्याचा कल्ला चालू होता. वर मनोऱ्यावर आर्मास आणि इर्या दोघंच.

आणि लव्हाळ्यांतून आवाज आला. खोल, घुमणारा. एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा.

आर्मासचा चेहरा उजळला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं नाही, सरळ कठड्यावरून खाली ओरडला की तापस बगळा आलाय, जिंकलो. मंडळाची चिटणीस सेइया धापा टाकत जिना चढून आली.

"दुसरा कान?"

"ही काय, इर्या. ही इथेच होती."

इर्याने थर्मासचं झाकण सावकाश फिरवून बंद केलं. इतकी वर्षं मुरलेली चव तिच्या जिभेवर आली, खारट आणि गोड.

"मी नाही बाई काही ऐकलं," ती म्हणाली. "कुणीतरी बाटलीत फुंकत असेल."

सेइयाने आर्मासकडे पाहिलं. ती नजर कीव करणारी होती. आर्मासला ती दिसली. खाली कुणीतरी हसलं. मोजणी बरोबरीत संपायची होती, पण शेवटच्या घटकेला हानकालावाल्यांना मासेमार गरुड दिसला. त्यांच्याकडे डोळे भरपूर होते.

दुसऱ्या दिवसापासून तापस बगळा असा घुमायला लागला की दुकानाच्या पायरीवरून ऐकू यावा. आर्मास खोटा नव्हता हे सगळ्यांना कळलं, पण मोजणी गेली ती गेली. मग लोक इर्याकडे वळले. तिने कानाला हात लावून मान हलवली. अगं बाई, म्हणाले लोक, इर्याला ऐकू येईनासं झालं. तेव्हापासून जो तो तिच्याशी ओरडून बोलतो. सोपं नव्हतं ते. तो पक्षी तिच्या आवडीचा, आणि तो घुमला की चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. पण ती निभावत होती.

जूनच्या सुरुवातीला एका रविवारी आर्मासने तिला फळ्यांच्या वाटेवर गाठलं. मनोऱ्यावर मंडळातली चारपाच माणसं होती, सेइयाही होती. आर्मास शेजारी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "तू ऐकलं होतंस."

"काय? मोठ्याने बोल."

तो थोडा जवळ सरकला. त्या वर्षी मीही ऐकलं होतं, म्हणाला. झालं आता, फिटलं आपलं. तू त्यांना खरं सांग.

इर्याने तळवा कानामागे धरला. "बहिरी झालेय रे मी, आर्मास. शब्द पोचत नाहीत. जरा जोरात."

त्याने मनोऱ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तिचा तळवा कानामागून हलला नाही.

"मी ऐकलं होतं," तो ओरडला. "त्या वर्षी. तुझ्याबरोबर. आधी तूच ऐकलंस, आणि मी खोटं बोललो."

लव्हाळ्यांतली बदकं फडफडत उडाली. मनोऱ्यावरच्या दुर्बिणी खाली आल्या आणि सगळे चेहरे त्यांच्याकडे वळले.

"असं होय," इर्या म्हणाली. "हे मात्र ऐकू आलं."

"आता तुझं सांग," तो म्हणाला.

पलीकडच्या लव्हाळ्यांत तापस बगळा घुमला. इर्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"काय म्हणालास?" असं विचारून ती पुढच्या फळीवर पाय टाकत तळ्याच्या वळणाकडे चालू लागली.