कापूस गिळणारी गाडी

देवमन खंडारेचा उजवा हात थरथरायला लागला तो सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात. आधी नुसती करंगळी हलायची. मग चहाची बशी धरली की चहा सांडायला लागला. पावसाळा लागेस्तोवर हातोडी उचलली की मनगटापासून पुढे सगळं त्याच्या हुकमाबाहेर जायचं. वीस वर्षं पत्रा ठोकून त्या हातानं शेवटी दगा दिला, आणि तोही कधी, तर माणसाचं कुठे जरा बरं चाललं होतं तेव्हा!

अमरावतीला राजापेठेत नत्थुजींचं गॅरेज होतं, तिथं देवमन पत्र्याचं काम करायचा. चेमटलेला मडगार्ड पुढ्यात टाकला की तो डोळे मिटायचा, डाव्या तळव्याला मऊ फडकं गुंडाळायचा आणि पत्र्यावरून हळूहळू हात फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा पोचा त्याच्या तळव्याला बरोबर सापडे. ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. त्याच्या बापाला गावात लोक अर्ध्या नावानं हाक मारायचे आणि पुढे एखादी शिवी जोडायचे. देवमनला मात्र अख्खं राजापेठ 'मिस्त्री' म्हणायचं. छप्पन साली तो आणि बायको पंचफुला पांढरे कपडे घालून ट्रकनं नागपूरला दीक्षेला जाऊन आले, तेव्हा परतताना ट्रकमधल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "मिस्त्री, तुमी कुठचे?" तो एक शब्द देवमनला मोठ्या मेहनतीनं मिळालेला होता. हात गेला की शब्द जाणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

नत्थुजींच्या नजरेतून काय सुटणार? ते एवढंच म्हणाले, "दिवाळीवरी पायतो देवमन. मंग दुसरं काही पाय." माणूस वाईट नव्हता, पण थरथरत्या हाताचा पत्रेवाला गॅरेजात ठेवून कोण काय करणार?

अशा वेळी महादेवरावांची गाडी आली.

महादेवराव दर्यापूरकडचे. काळी कसदार जमीन, अमरावतीत कापसातून सरकी काढायची एक बंद पडलेली जिनिंग आणि अंगात मोटारीचं वेड. अकोल्याच्या कापूस कंपनीतला एक गोरा साहेब विलायतेला परत गेला, त्याची दोन माणसांची जुनी शर्यतीची गाडी यांनी घेतली होती. लढाईच्या आधीची गाडी. तिच्या इंजिनाला ब्लोअर बसवलेला होता, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं एक यंत्र. ते सुरू झालं की गाडी शिटी घातल्यासारखी किंचाळायची आणि रस्त्यावरची ढोरं उधळायची. ताकद होती, पण अंग अगदी जुन्या पद्धतीचं: पुढे दारासारखा उभा रेडिएटर, चाकांवर सुटे मडगार्ड, मागं एकदम तुटल्यासारखं संपलेलं. महादेवरावांनी एका विलायती मासिकातलं चित्र पुढं धरलं. त्यातली गाडी माशासारखी गुळगुळीत होती, तोंड लहान, शेपूट निमुळतं.

"हवा कापत गेली पायजे," ते म्हणाले. "पौषात बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत शर्यत ठरली हाय. नत्थुजी नाही म्हणते. तू करतं का?"

देवमननं उजवा हात पाठीमागं लपवला आणि हो म्हणाला.

"गाडीचं नाव झालं ना देवमन, तं माह्या जिनिंगमांगचं टिनाचं शेड तुले देतो. तुह्या नावाची पाटी लावू."

त्या पाटीसाठी देवमन काय वाटेल ते करायला तयार झाला. गाडीचं कामही त्याच शेडात करायचं ठरलं; ते बंद जिनिंगच्या मागं होतं आणि तिकडे कुणी फिरकत नसे. पहिल्या दिवशी त्यानं सरकीनं भरलेल्या कातडी पिशवीवर पत्रा ठेवला, लाकडी मोगरी उचलली आणि घाव घातला. घाव वीतभर बाजूला पडला. दुसरा त्याहून वाईट पडला. तो खाली बसला आणि ढसाढसा रडला. भाकर घेऊन आलेली पंचफुला दारात उभी राहून हे पाहत होती. तिनं डबा ठेवला, पदर खोचला आणि मोगरी उचलली.

"कुठं मारू ते सांगा."

"तुले जमन काय?"

"वीस साल झाले तुमचं ऐकून राहिली. कुठं मारू?"

त्यानं डोळे मिटले, डावा तळवा पत्र्यावर ठेवला, खडूनं खूण केली. तिनं मारलं. नेमकं तिथंच, हवं तेवढंच. पंचफुला हंगामात दुसऱ्या एका चालू जिनिंगमध्ये कापूस वेचायची, बाकी दिवसांत मिळेल ते काम करायची. तिचा हात जड नव्हता आणि हलतही नव्हता. त्या दिवसापासून तळवा त्याचा आणि घाव तिचा. देवमननं तिला एकच गोष्ट बजावली होती, ती म्हणजे हे कुणाला कळता कामा नये. बायको पत्रा ठोकते हे कळलं असतं तर लोक हसले असते, आणि हात हलतो हे कळलं असतं तर काम बंद झालं असतं. ती म्हणाली, "मी कोणाले सांगाले जाऊ?"

पुठ्ठ्याचे फर्मे कापून, लाकडी सांगाड्यावर लावून, त्यांनी तीन महिन्यांत गाडीचं अंग बदललं. मडगार्ड अंगात मिसळले, शेपटाला निमुळता उतार आला. पण हवा खरंच कशी जाते हे कळणार कसं? युक्ती पंचफुलाची. जिनिंगमध्ये रुईचा धागा उडतो तेव्हा वारा कुणीकडं चालला ते दिसतं, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. तिनं सुताचे वीतवीत तुकडे केले आणि कणकेच्या खळीनं गाडीभर चिकटवले. महादेवरावांनी बडनेऱ्याच्या रस्त्यावर गाडी पळवली आणि दोघं नवराबायको पुलाच्या कठड्याशी उभं राहून पाहू लागले. शेपटावरचे धागे शहाण्यासारखे मागं पडलेले होते. काचेपाशी ते गोल फिरत होते, तिथं काच वाकवायची हे देवमनला कळलं. आणि तोंडापाशी सगळेच्या सगळे धागे जाळीतून आत ओढले गेले होते. बारीक जाळीत काही अडकून बसले होते.

"हे तोंड कापूस गिळन," पंचफुला म्हणाली.

"काहून?"

"पौषात मुर्तिजापूरच्या रस्त्यानं कापसाच्या बैलबंड्या चालतात. रस्ता पांढरा होऊन राहते. जाळी भरली तं आंत वारा कसा जाईन? तोंड मोठं करा, जाळी जाडी लावा."

बोलणं अगदी सरळ होतं. पण तोंड चित्रातल्यासारखं लहान ठेवायचं हे देवमननं पहिल्या दिवशीच मनाशी ठरवलेलं. साऱ्या गाडीत तेवढी एकच गोष्ट त्याची एकट्याची होती. बाकी सगळीकडे तिचे घाव होते, हे त्याला आत कुठंतरी खुपत होतं. तो फटकन म्हणाला, "तू सरकी वेच. हवेचं मले कळते."

पुढं ती त्या तोंडाबद्दल एक अक्षर बोलली नाही. सांगितलं तसं ठोकत राहिली.

शर्यतीच्या दिवशी देवमन महादेवरावांच्या शेजारी बसला. त्याच्या अंगात नवा सदरा होता आणि उजवा हात त्यानं मांडीखाली दाबून धरला होता. बडनेऱ्याहून गाडी सुटली ती काय सुटली! दोन मोटारी तर मुर्तिजापूरच्या अलीकडेच मागं पडल्या. महादेवराव वेड्यासारखे हसत होते. देवमनला वाटलं, आता बास, मिळालं. डोळ्यांसमोर पाटी दिसत होती.

मुर्तिजापूर सोडलं आणि कापसाच्या बंड्या लागल्या. पन्नास तरी असतील, उंच भरलेल्या, बैल संथ चाललेले. रस्त्यावर, बाभळींच्या काट्यांवर, हवेत, जिकडेतिकडे कापूस. महादेवराव कडेनं गाडी काढत राहिले. देवमन समोरच्या तबकडीतल्या काट्याकडं पाहत होता. इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढत चालला होता. तो म्हणाला, "भाऊसाहेब, थांबा." ते थांबले नाहीत. ब्लोअरवालं इंजिन आधीच तापट, त्यात आत वाराच जाईना. बोरगाव मंजूच्या अलीकडे बॉनेटखालून वाफेचा लोट उठला, आत खाडकन काहीतरी अडकलं आणि गाडी मुकी झाली.

देवमननं गाडीच्या तोंडात हात घातला. जाळीवर कापसाचा थर बसला होता, गादीत भरावा तसा घट्ट. तो मूठमूठ ओढत राहिला. बाहेर येणारी प्रत्येक मूठ त्याला पंचफुलाचं वाक्य ऐकवत होती.

"तोंड एवढं बारीक कावून ठेवलं बे?" महादेवराव ओरडले.

त्या वेळी देवमनला शेड दिसलं, पाटी दिसली, नत्थुजी दिसले, बापाला मारलेली अर्ध्या नावाची हाक ऐकू आली. आणि तोंडातून निघालं, "मी मोठंच सांगतलं होतं, भाऊसाहेब. घरची पत्रा धरू लागते. तिनं जास्ती वळवला."

महादेवरावांनी त्याच्याकडं पाहिलं आणि एकदम हसले. "बाईमाणसाच्या हाती दिल्यावर काय होईन दुसरं!"

एका बंडीवाल्यानं बैल सोडून गाडीला जुंपले. अशी ती हवा कापणारी गाडी उतरत्या दुपारी बैलांच्या मागं अकोल्यात शिरली. शर्यत केव्हाच संपली होती. पण जिंकलेल्या गाडीपाशी चार माणसं आणि हिच्याभोवती चारशे! लोक तिच्या अंगावरून हात फिरवत होते. कुठं सांधा नाही, कुठं उंचवटा नाही. "कोणं केली?" "अमरावतीचे देवमन मिस्त्री." महादेवराव छाती फुगवून सांगत होते. देवमन शेजारी उभा होता आणि त्याला वर बघवत नव्हतं.

रविवारी महादेवराव पाटी लिहायला रंगाऱ्याला घेऊन शेडवर आले. पंचफुला झाडत होती.

"अवं बाई," ते थट्टेनं म्हणाले, "तुमी पत्रा जास्ती वळवला अन् माही गाडी उकळली. आता देवमनले एकट्यालेच करू द्या काम."

झाडणी थांबली. पंचफुलानं नवऱ्याकडं पाहिलं. देवमन जमिनीकडं पाहत होता. खरं काय ते सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं.

"हो भाऊसाहेब," ती म्हणाली. "चुकलंच माहं."

ते गेल्यावर देवमन तिच्यापाशी गेला. "पंचफुले, त्या टायमाले निंगून गेलं तोंडातून. मी..."

"तुमाले मिस्त्री राहाचं होतं ना?" ती म्हणाली. "राहा आता."

पाटी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं: देवमन खंडारे, पत्रा मिस्त्री. आठवड्याभरात अचलपूरच्या एका डॉक्टरांची गाडी आली, मडगार्डला एकच पोचा. देवमननं डोळे मिटून तळवा फिरवला, खडूनं खूण केली आणि दोन्ही हातांत मोगरी धरून घाव घातला. एकाचे चार पोचे झाले. दुपारी पंचफुला भाकर घेऊन आली, तेव्हा त्यानं मोगरी तिच्यापुढं धरली. मोगरी त्याच्या हातात थरथरत होती. एवढी गयावया त्यानं आयुष्यात कुणापुढं केली नसेल.

पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात पुढं आला नाही.

"मी ठोकलं तं पत्रा जास्ती वळते," ती म्हणाली. डबा ठेवला आणि आपल्या जिनिंगचा भोंगा व्हायच्या आत कामावर निघून गेली.

देवमन मडगार्डपाशी बसला. डावा तळवा पत्र्यावर ठेवला. पोचा नेमका कुठं आहे, ते त्याला अजूनही बरोबर कळत होतं.