कागदावरचा शिकारी

मी बोअरच्या गाडीवर ऑपरेटर. येरमाळ्याच्या आसपासच्या गावांत सोळा वर्षं बोअर मारले आणि मग एका ठेकेदाराबरोबर दोन वर्षांसाठी आफ्रिकेत, नामिबियाला गेलो. तिथलं शेवटचं काम एका म्हाताऱ्या गोऱ्या शेतकऱ्याच्या रानात होतं. चार बोअर कोरडे गेले. पाचव्याला पाणी लागलं तेव्हा म्हातारा बुटांसकट चिखलात उभा राहून रडला. त्या आनंदात त्यानं गड्यांच्या जेवणासाठी एक कुडू मारला. कुडू म्हणजे आपल्या नीलगाईएवढं जनावर, पण शिंगं अशी, की कुणी दोरखंडाला पीळ घालत घालत वर नेलाय. मी त्या जेवणाला गेलो नाही. आमच्या गळ्यात लिंग; घरात अंडंसुद्धा शिजत नाही.

निघायच्या आठवड्यात म्हाताऱ्यानं तीच शिंगं मला भेट दिली, उकळून साफ केलेल्या कवटीसकट. "तुझ्यामुळं पाणी लागलं, हे तुझं," म्हणाला. मला नको म्हणता आलं नाही. मला ती नकोच होती का, हेही आज नक्की सांगता येत नाही. हातात घेतली तेव्हा वाटलं, केवढी देखणी आहेत. आणि लगेच वाटलं, हे डोकं आहे.

"कागदपत्रं मी करतो," तो म्हणाला, आणि दोन दिवसांत फाईल आणून दिली. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, सरकारी परवाना, शिक्के. मी उघडून वाचली नाही. माणूस भला होता.

तिथल्या विमानतळावर काउंटरवरची बाई म्हणाली, टोकं उघडी चालणार नाहीत. मग मी बॅगेतला रबरी पाईप कापून दोन्ही टोकांना बसवला, कवटी प्लॅस्टिकमध्ये बांधली, वर घोंगडी गुंडाळली. ती गाठोडी बाकीच्या सामानाबरोबर पट्ट्यावरून आत गेली, तेव्हा माझ्या मागचा एक जण हसून म्हणाला, "पहिली शिकार का?" मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

मुंबईला कस्टमच्या बाईंनी गाठोडी सोडायला लावली. फाईल चाळली. एका कागदावर थांबल्या.

"शिकार करणारा. हे तुमचंच नाव ना?"

मी वाकून बघितलं. पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट माझं नाव होतं.

"कशानं मारलं?"

"म्या न्हाय मारलं, मॅडम."

"मग नाव कसं आलं?"

"मालकानं लिहिलं असंल."

"म्हणजे कागद खोटा आहे?"

"खोटा न्हाय. मालक खोटं बोलणारा माणूस न्हाय."

"मग तुम्ही मारलं?"

होय म्हणावं, तर कागद खरा ठरतो, पण न केलेली हत्या माझ्या माथी. नाही म्हणावं, तर ज्यानं प्रेमानं दिलं तो खोटारडा, आणि त्याचा कागद घेऊन फिरणारा मीही. बाई रागावल्या नव्हत्या. त्याच मला पाणी प्या म्हणाल्या. मग त्यांचे साहेब आले. ते म्हणाले, कुणी का मारेना, आपल्याकडची वन्यजीव खात्याची परवानगी आधी काढायला हवी होती, ती नाही. शिंगं ठेवून घेतली आणि पावती दिली. हवी असतील तर महिन्याभरात अर्ज करा, नको असतील तर तसं लिहून पाठवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी येरमाळ्याच्या फाट्यावर उतरलो. बायकोला सगळं सांगितलं. अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं नाही. ती म्हणाली, "आपल्याकडं हरणाचं शिंग घरात घावलं तरी माणसाला आत टाकत्यात. आन् तुमी इमानातनं आणायला निघाला?"

मी म्हाताऱ्याला फोन लावला. माझं नाव का घातलंत, विचारलं. तो हसला. "भेट म्हणून पाठवायचं तर कागदाला महिना लागतो. शिकाऱ्यानं स्वतःच नेलं तर दोन दिवस. नुसतं नाव तर आहे!"

नुसतं नाव! मी फोन ठेवला. त्याचा राग यायला हवा होता. येत नव्हता.

मग कस्टमला पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं, 'ही शिकार मी केलेली नाही.' ते खोडलं, कारण उद्या त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं तर? पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. शेवटी नुसतंच 'मला ही शिंगं नकोत' लिहून येरमाळ्याच्या पोस्टातून रजिस्टर केलं. परत येताना मोकळं वाटेल असं वाटलं होतं.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. त्यांनी आयुष्यात मुंगीवर पाय पडू दिला नाही. माझी समजूत होती, पोरानं घर विटाळापासून वाचवलं म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाकलं का पत्र?"

"व्हय."

"माघारी न्हाय का घेता येत?"

"कशाला अप्पा? जीव मारून काढलेलं हाय ते."

"मारणाऱ्यानं मारलं. तू तर न्हाय मारलं. एकदा बघाय तरी मिळालं असतं. हात लावला असता." मग म्हणाले, "केवढी व्हती?"

मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवलं.

"आन् पीळ किती?"

रानापासून विमानतळापर्यंत मी ती बगलेत धरून आणली होती, टोकांना माझ्या हातानं पाईप बसवला होता. मला आठवेना.

"अडीच असतील," मी म्हणालो.

"एका शिंगाला का दोन्हीला मिळून?"

मी बोटानं हवेत पीळ काढून बघितला, जुळेना. अप्पा माझ्याकडं बघत राहिले, मी काहीतरी लपवतोय असं त्यांना वाटत असावं.