दळी खोडली तेव्हा

दळी हा शब्द मी माझ्याच हातानं खोडला. आमच्या कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकर माणसं नाचणी-वरीचे जे तुकडे पिढ्यान् पिढ्या कसतात, त्यांना दळी म्हणतात. प्रकाशक फोनवर म्हणाले, शहरातल्या वाचकाला दळण वाटेल. मला हसू आलं. मेलं, हसूच आलं मला!

कादंबरी वाडीतल्या एका ठाकरिणीवर होती. चौक गावाच्या मागच्या डोंगरात तिची वाडी. मी कडावची, भातवाल्यांच्या घरातली, वर मोर्चात पुढं राहून घोषणा देणारी. तिच्या चुलीपाशी बसून मी दोन पावसाळे वह्या भरल्या. ती मला बाय म्हणायची, अगंतुगं करायची. दळीत पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब कुठं भाजायचा, नवऱ्याला साप कुठं चावला, बांधावरचा आंबा सासूनं कधी लावला, सगळं सांगायची. मी ते सगळं उचललं आणि दळी होती तिथं एक गोंडस वाक्य चिकटवलं: 'तिनं जमीन कधी कसली नाही, ती नुसती रानात राहिली, रानासारखी.' काय टाळ्या पडायच्या त्या वाक्याला! बायका डोळे पुसायच्या. आणि मनोगतात मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की यातला शब्द न् शब्द खरा आहे.

पुढं तिचा वनहक्काचा दावा सुनावणीला लागला. जमीन ती आणि तिची माणसं कायदा यायच्या आधीपासून कसत आलीत, एवढंच पटवायचं होतं. पटलं तर दळी तिच्या नावावर, नाहीतर कायमची गेली. मोठी साक्षीदार मीच. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती, आणि पिशवीत सासूच्या झाडाचे चार आंबे होते. साहेबांनी आंबा खाल्ला की झाड किती जुनं ते कळेल, असं तिचं म्हणणं. मी तिला वेड्यात काढलं. माझ्याइतकं शहाणं तिथं होतं कोण!

हरकत घेतली होती खालच्या फार्महाऊसवाल्यानं. त्याच्या माणसानं पिशवीतून माझं पुस्तक काढलं. पान दुमडून ठेवलेलं होतं. त्यानं ते वाक्य वाचलं, मग मनोगतातली ओळ वाचली.

साहेबांनी मला विचारलं, "बाई, हे खोटं आहे का?"

एका शब्दाचं काम होतं. हो. पण मागच्या बाकावर दोन पत्रकार बसले होते, मीच बोलावलेले, आणि त्या पुस्तकाला पुढच्याच आठवड्यात पुरस्कार मिळायचा होता. मी सुरू झाले. कादंबरीतलं सत्य वेगळं, व्यवहारातलं वेगळं, असलं काहीबाही. भाषणाची सवय ना जिभेला! साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न परत विचारला.

"अगदी खोटं असं नाही म्हणता येणार," मी म्हणाले.

कारकुनानं ते लिहून घेतलं. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, पण ऐकू तर येतं.

दावा फेटाळला. आदेशात माझं पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट. मग मला जाग आली. अपिलात शपथेवर लिहून दिलं, की ते वाक्य मी रचलेलं आहे, धादांत खोटं आहे. तिथं म्हणाले, बाई आता शब्द फिरवताहेत. पुरस्कार मात्र मी घेऊन बसले होते. शाल अजून कपाटात आहे.

आता दळीला तारेचं कुंपण आहे. ती रोज डोंगर चढून माथेरानच्या एका हॉटेलात चादरी धुवायला जाते. गेल्या महिन्यात मी पुस्तकाची नवी आवृत्ती घेऊन तिच्याकडे गेले. ते वाक्य काढून टाकलं होतं, दळी हा शब्द परत घातला होता. ते तिला बोट ठेवून दाखवलं. लोचटच मी, दुसरं काय! तिनं त्या पानावरून सोड्यानं भेगाळलेला हात फिरवला, पुस्तक मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच अहोजाहो केलं.

"पुस्तकात घातली का दळी? मंग नाचणी बी तितंच पेरा, ताई."