जानरावांनी निवडलेला बोर्ड

वलगावचे जानराव वायरमन मला पहिल्या दिवसापासून खडूस वाटले. अमरावतीला आईच्या घराची वायरिंग बदलायची होती. मी अकोल्याला शाळेत शिकवते, म्हणून रविवार गाठून त्यांच्यासोबत दुकानात गेले. दुकानदाराने काचेच्या दाराचा देखणा बोर्ड पुढे केला. मला तो फार आवडला. जानरावांनी तो उघडून पाहिला आणि परत सरकवला.

"याच्यात ईएलसीबी नाही, ताई. नुसता दिसाले चांगला. चाटाचा हाये का?"

ईएलसीबी म्हणजे कुठे करंट गळायला लागला की क्षणात घरभराची वीज तोडणारा स्विच. तो असलेला राखाडी पत्र्याचा बोजड बोर्ड त्यांनी निवडला. मी तोंड वाकडं करून हो म्हटलं.

मे उजाडला. आईने बाबांच्या वेळचा पत्र्याचा कूलर लावला आणि खटकन् सगळी वीज गेली. पुन्हा लावला, पुन्हा गेली. जानराव येऊन पाहून गेले.

"बोर्डाचा दोष नाही. तुमचा कूलरच पत्र्यात करंट सोडून राहिला. अन् उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगही धरत नाही. नवा घ्या."

पण आई म्हणजे हट्टाचं गाठोडं. "तुह्या बाबाने आणला, मी नाही काढत." बाहेर सेहेचाळीस डिग्री, तिचं बीपी वाढलेलं, फोनवर नुसती घाबरीघुबरी. माझाही पारा चढला. जानरावांना म्हटलं, "तो स्विच काढा आणि डायरेक्ट करा."

"मी नाही करत. दुसऱ्याले सांगा."

मी दुसऱ्याला सांगितलं. त्याने पाच मिनिटांत डायरेक्ट केलं. कूलर चालू झाला, आई खूश झाली. खरं सांगते, मला जिंकल्यासारखंच वाटलं.

जानरावांना कळलं, पण ते भांडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते रोज चारला लुनावर आईकडे येऊ लागले. मेन बंद करायचं, बादल्यांनी कूलर भरायचा, ओली फरशी पुसायची, मेन चालू करून निघून जायचं. कूलरशेजारीच देवघर, म्हणून आई तिथे चप्पल घालत नाही. कूलर चालू ठेवून अनवाणीच पाणी ओतते. हे त्यांनी पाहिलं होतं. लेक असून मला सुचलं नव्हतं, याची फार लाज वाटली.

मग एका दुपारी त्यांचा शाळेत फोन आला. "ताई, माह्या बुढ्या बापाले दवाखान्यात आणलं. आज येणं नाही होत. काकूले कूलरले हात लावू देऊ नका."

मी आईला फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"भरलं न मीच पाणी. हाताले जराशा झिणझिण्या आल्या, बस. जानराव फुकट भेते. आता येऊ नका म्हण त्याले."

"आई, मी उद्या येते. तो स्विच पुन्हा बसवू."

"म्हणजे पुन्हा लाईट जाईन? मंग येऊच नको."

तिने फोन ठेवला. मी लगेच परत लावला, तर उचलेना. डायरेक्ट करा, एवढं म्हटलं तेव्हा लगेच झालं होतं. आता डायरेक्ट नको म्हणत होते, तर ऐकणारं कोणी नव्हतं.