आबांची चालण्याची तपासणी

आमचे आबा जन्मभर कमी बोलले. भाजीत मीठ नसलं तरी माईला हाताच्या खुणेनं सांगणारा माणूस. तोच माणूस गेल्या दोन वर्षांत एकाएकी बोलका झाला होता. शेतात जायला निघाले की दूध डेअरीपाशी थांबायचे, मारुतीच्या पारावर टेकायचे, मग किराणा दुकानाच्या ओट्यावर बसायचे. दिसेल त्याला राम राम, दिसेल त्याची चौकशी. माई फोनवर कुरकुरायची, "तुना बाप आते पुढारी व्हई गया!" आम्ही हसायचो. म्हातारपणी माणूस मोकळा होतो, बरंच झालं की, असं मी माझ्या सासूबाईंनाही कौतुकानं सांगितलं होतं.

मग खोकला लागला. नरडाण्याच्या डॉक्टरांनी औषधं दिली, पण तो हटेना. शेवटी मी आबांना धुळ्याला माझ्याकडे आणलं आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सरळ सांगितलं की फुप्फुसं आकसत चालली आहेत. बसल्या जागी ऑक्सिजन ठीक दिसतो, चालल्यावर किती उतरतो ते बघावं लागेल. फार उतरला तर घरी मशीन लावायचं आणि दिवसातला बराच वेळ नाकाला नळी. आबांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि टोपी नीट केली.

तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. संध्याकाळी धुळ्यातच, देवपुरातल्या आमच्या घरी जेवायला बसलो. आबांनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली आणि हळूच म्हणाले, "माले खाटले बांधू नको, माय."

"बांधतंय कोण तुम्हाला? उद्या नीट चाला, म्हणजे झालं!" मी फाडकन बोलले. मी मुळातच तापट. घाबरले की जास्तच तापते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे उठून पायी शेतात जायचं आणि दिवेलागणीला पायीच परत यायचं, याशिवाय या माणसानं दुसरं काही केलंच नव्हतं. त्यांना मशीनच्या नळीइतक्या जागेत बसवायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

सकाळी दवाखान्यात एका लांब व्हरांड्यात नेलं. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवलेले आणि भिंतीला लागून बाकं. बाकांवर नंबरची वाट बघत बसलेली माणसं. तपासणी करणारी मुलगी चुणचुणीत होती. तिनं आबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि समजावलं, "बाबा, सहा मिनिटं या शंकूपासून त्या शंकूपर्यंत चालत राहायचं. जमेल तेवढं भराभर. बोलायचं नाही. दम लागला तर थांबा, पण तसं मला सांगा."

"हाव," आबा म्हणाले आणि निघाले.

पहिल्याच बाकावर पांढऱ्या टोपीचे एक म्हातारबाबा बसले होते. आबा थांबले, हात जोडले. "राम राम, भाऊ. कोनता गावना?" त्यांनी गाव सांगितलं. आबांनी कापसाची चौकशी केली. पुढच्या बाकावर एक दाढीवाले चाचा होते, त्यांना सलाम झाला, तब्येत विचारून झाली. त्याच्या पुढे एक बाई लेकराला घेऊन बसली होती. लेकराच्या गालाला हात लावून झाला.

"बाबा, बोलायचं नाही ना!" मुलगी ओरडली. तिच्या हातातलं घड्याळ चालूच होतं.

"मानूस समोर बठेल शे. राम राम न करता कसं जावानं?" आबा म्हणाले.

कप्पाळ माझं! बाकांवरची माणसं हसली. मलाही हसू फुटलं, आणि डोक्यात तिडीकही गेली. इथं जीव टांगणीला लागलाय आणि यांचं गावभर हिंडणं काही सुटेना. मुलीनं हात टेकले. असल्या चालण्याला काही अर्थ नाही, म्हणाली. चांगला अर्धा-पाऊण तास बसवून ठेवलं आणि तेवढ्यात सगळ्या माणसांना पलीकडच्या खोलीत पाठवलं. व्हरांडा रिकामा झाला. मी शंकूमागे भिंतीला टेकून उभी राहिले.

"आता कुणी नाही, बाबा. आता नुसतं चाला."

आबा निघाले. पहिली फेरी झाली. चांगले चालत होते, ताठ, मान वर करून. मी मनातल्या मनात म्हटलं, चाला आबा, असेच चाला, मशीन गेलं खड्ड्यात. दुसऱ्या फेरीत पाय आखूड पडायला लागले. डाव्या हातानं धोतर घट्ट धरलेलं. तोंड उघडं. परत फिरले आणि म्हातारबाबा बसले होते त्या बाकापाशी आले. बाक रिकामं होतं. आबा थांबले. हात जोडले.

"राम राम," ते म्हणाले.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. माझं मन मात्र गावात गेलं. डेअरी, पार, किराण्याचा ओटा... सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. अरे देवा! हा माणूस बोलका झालाच नव्हता. त्याला दम लागत होता. दम लागला म्हणून थांबलो, असं गावात कुणाला दिसू नये, म्हणून तो दोन वर्षं वाटेत माणसं शोधत होता. समोरचा आपल्या कापसाचं, लेकीबाळींचं सांगत राहायचा आणि तेवढ्यात हा श्वास गोळा करून घ्यायचा. आम्ही मात्र हसत होतो.

आबा अजून त्या बाकासमोर हात जोडून उभेच होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ते मुलीकडे वळले. "आखो बाकी शे का?"

"आहे, बाबा. थोडंच."

मी तडक गेले आणि त्या बाकावर बसले. "ताई, तुम्ही मध्ये येऊ नका," मुलगी म्हणाली, पण तेवढ्यात तिचं लक्ष चिमट्यावरच्या आकड्याकडे गेलं. आकडा फार उतरला होता. तिनं घड्याळ खिशात टाकलं.

"राम राम, आबा," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलंय, हे त्यांना कळलं. त्यांचे डोळे भरून आले, पण ओठांवर जरासं हसू होतं. तुटक्या दमात म्हणाले, "कोनता... गावना?"

मी आमच्याच गावाचं नाव सांगितलं.

"मंग बठस जराखा," असं म्हणून ते माझ्या शेजारी बसले. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

मशीन गावच्या घरी आलं. खाट मशीनसकट दारापाशी ओढली, म्हणजे नळी ओट्यापर्यंत तरी पोचते. माईनं उशाशी तांब्या ठेवला. शेत भावानं बघायला घेतलं. बांधू नको म्हणाले होते, आणि शेवटी मीच त्यांना बांधलं. दुसरा इलाज नव्हता, हे मला पटतं, तरी त्या खाटेकडे बघवत नाही.

मागच्या खेपेला गावी गेले तेव्हा ओट्यासमोरून किराणावाले नाना चालले होते. त्यांनी लांबूनच राम राम केला. आबांनी नुसता हात वर केला. नानांनी मला बाजूला बोलावलं, बिचारे खरंच दुखावले होते. "आबा रागे भरना का, माय? पहिले किती बोले! आते एक शबद नई."

"रागावले नाहीत, नाना," मी म्हटलं. "आबा पहिल्यापासून असेच आहेत."

एवढं कसंबसं बोलले, आणि घरात जाऊन तोंडात पदर कोंबून ढसढसा रडले.