सिस्टरांचं बेट

सिस्टर चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. एरवी त्या दारात उभ्या राहून बोलल्या तर आतल्या कपाटापर्यंत ऐकू येई. थोड्या रागावल्या की फक्त समोरच्याला. आणि खरा राग आला की नुसते ओठ हलताना दिसत, शब्द पुढे वाकून गोळा करावे लागत. पेणमध्ये माझं कॉम्प्युटर विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवसांत मी काउंटरवर इतका वाकलो, की बायको म्हणाली, "आता कमरेला पट्टा लावूनच बसा."

सगळं पेण त्यांना सिस्टरच म्हणे. उभी नोकरी दवाखान्यात गेलेली. माझ्या वयाच्या निम्म्या पेणकरांना त्यांनी कधी ना कधी टोचलेलं आहे. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. नातलग एकेक करून इस्राएलला गेले, या एकट्याच मागे राहिल्या. कोणी विचारलं तर म्हणत, "बोलावतात ना. पण तिकडं जाऊन मी काय करू? सुईला घाबरणारी माझी माणसं इथं हायत." शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शेगडी, बटण, मोबाईल, कशालाच हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. कबूल करतो, नंतर नंतर मी शनिवारची वाट बघू लागलो होतो.

कॉम्प्युटर त्यांनी घेतला तो इस्राएलमधल्या थोरल्या भावासाठी. दादांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. फोनवर त्यांना बोलता येईना. व्हिडिओ कॉल लावला तर ते तोंड फिरवून घेत. वाकडा झालेला चेहरा बहिणीला दाखवायची त्यांना लाज वाटे. मग दादांच्या मुलीने, म्हणजे सिस्टरांच्या भाचीने, एक नवा गेम शोधून काढला. नुकताच बाजारात आला होता. दोघांनी आपापल्या घरी बसून एकाच बेटावर राहायचं, जमीन नांगरायची, घर बांधायचं, होडी काढायची. माऊस डाव्या हातानेही चाले. बोलायची गरज नव्हती, चेहरा दिसत नव्हता. दादा तयार झाले.

सत्तरीच्या बाईला गेम शिकवायचा म्हणून मी मनातून कुरकुरतच त्यांच्या घरी गेलो होतो. पण त्या शिकल्या. पडद्यावरचा दादांचा माणूस निळ्या सदऱ्यातला. त्याने दोन उड्या मारल्या की 'व्हय', जागच्या जागी गिरकी घेतली की 'नाय', हे भावाबहिणीने आपसात ठरवून टाकलं. एकदा मी वायर बदलत होतो तेव्हा सिस्टर पडद्याला म्हणाल्या, "दादा, भात लावू का इथं?" निळ्या सदऱ्याने गिरकी घेतली. "मग काय वाल लावू?" दोन उड्या. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, कडवे वाल पायजेत त्याला. तिकडं मिळत नायत म्हणून भावाची जीभ इथं आली." त्या गेममध्ये वाल नव्हते. त्यांनी कुठल्या तरी परदेशी शेंगा लावल्या आणि त्यांनाच वाल म्हटलं.

पुढे दादांनी त्या बेटावर त्यांचं रोह्याचं लहानपणीचं घर बांधायला घेतलं. मूळ घर पाडून तिथे इमारत उभी राहिल्याला बराच काळ झाला होता. एकही फोटो उरला नव्हता. दादांनी डाव्या हाताने एकेक फळी बसवत ओटा केला, मागे विहीर केली. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. गेममध्ये घाणा कुठून असणार? दादांनी एक पिंप ठेवलं आणि त्याभोवती बैल उभा केला. ते पाहून सिस्टर पडद्याला नाक लागेल इतक्या पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "डोळ्यांवर झापड पायजे बैलाला. चक्कर येईल त्याला."

गेम नवा होता आणि कच्चा होता. होडी कधी वाळूत अर्धी गाडली जाई, कधी दादांचा माणूस भिंतीत अडके आणि नुसती टोपी बाहेर दिसे. तोवर आम्ही हसत होतो. मग एक मोठं अपडेट आलं आणि हसणं थांबलं. सिस्टर एकट्या गेल्या तर बेट उघडे. दादा धक्क्यावर उतरले, की पडदा गोठे आणि पाटी येई: काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा.

"काहीतरी म्हणजे काय?" सिस्टरांनी मला विचारलं. आवाज अजून पहिल्या पायरीवर होता. "पेशंटला काहीतरी झालंय, एवढंच सांगून मी डॉक्टरांसमोर उभी राहिले असते, तर ठेवलं असतं मला नोकरीत?"

मी म्हणालो, "सॉरी सिस्टर, एक-दोन दिवसांत होईल."

"माफी काय चहासारखी वाटत फिरतोस रे? तुझी चूक हाय का? नाय ना? मग बघ काय झालंय ते."

मी ड्रायव्हर बदलले, गेम काढून पुन्हा टाकला, राउटर बदलला, माझ्या मोबाईलवरून नेट दिलं. सिस्टर दुकानात येऊन उभ्या राहत. खुर्ची दिली तरी बसत नसत. वॉर्डात राउंडला उभं राहायची सवय. गिऱ्हाईक आलं तर बाजूला सरकत, पण नजर माझ्या हातांवर. तिकडून भाचीचे निरोप येत. बाबा रोज ठरल्या वेळी पडद्यासमोर बसतात. पाटी आली की भिंतीकडे तोंड करून झोपतात. व्यायाम बंद केलाय. काल जेवले नाहीत. सिस्टर हे निरोप मला वाचून दाखवत, आणि प्रत्येक निरोपाबरोबर आवाज एकेक पायरी उतरत होता. मला झोपेतही ते हलणारे ओठ दिसत.

शेवटी त्यांनीच ठरवलं की दोष पेणच्या नेटचा आहे. रोह्याला माझ्या मेव्हण्याकडे त्याच्या नोकरीच्या कंपनीने दिलेली चांगली लाइन होती. "तिकडं नेऊन बघू," त्या म्हणाल्या. त्याने काही होणार नाही हे मला माहीत होतं. पण नाही म्हणायचा धीर नव्हता.

दुपारी माझ्या गाडीतून निघालो. सिस्टरांनी मशीन डिकीत ठेवू दिलं नाही, मांडीवर घेतलं. गडबच्या पुढे रस्ता खोदलेला होता. प्रत्येक खड्ड्याला त्या दोन्ही हातांनी ते सावरत. कासू मागे पडल्यावर एकदम म्हणाल्या, "मलिदा बोललेय मी."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्यात एलियाहू हन्नबी या प्रेषिताला नवस बोलतात. पोहे, खोबरं, साखर, वर फळं, असं ताट करून प्रार्थना करायची. आजारातून उठलं, प्रवास नीट झाला, लग्न जमलं, की मलिदा. "कॉम्प्युटरसाठी कोण बोललं नसेल अजून," त्या म्हणाल्या. "हसू नकोस."

मी हसत नव्हतो.

मेव्हण्याच्या हॉलमध्ये मशीन लावलं. भाचीला फोन केला. बेट उघडलं. धक्क्यावर निळा सदरा दिसला, आणि पडदा गोठला नाही. दादा उड्या मारू लागले. दोन नव्हे, उड्यांवर उड्या. सिस्टरांचा माणूस धावत धक्क्याकडे निघाला. दोघांच्या मध्ये दोन पावलांचं अंतर राहिलं असेल, आणि पडदा गोठला. दादा हवेत अधांतरी, पाय जमिनीवर टेकलेले नाहीत. मग पाटी आली.

मेव्हण्याची बायको म्हणाली, "चहा टाकते हं."

थोड्या वेळाने मीच माझ्या मोबाईलवर गेमच्या कंपनीची मेल उघडली. माझ्या तक्रारीला उत्तर आलं होतं. इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगितलं. काम चालू आहे, कधी संपेल सांगता येत नाही. घाई असेल तर जुनं बेट पुसून नवं सुरू करा, ते चालेल. बेट आमच्या मशीनमध्ये नव्हतंच, कंपनीच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे मला त्याची प्रत काढून ठेवता येत नव्हती. आणि एका जोडीला एकच बेट. एकाने पुसलं की दोघांचं गेलं.

"तू काय करशील?" सिस्टरांनी विचारलं.

"पुसा," मी म्हणालो. "घर काय, परत बांधता येईल." हे मी अक्कल वापरून म्हणालो की थकून, ते मी त्यानंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर मला माहीत आहे.

त्यांनी भाचीला सांगितलं, दादांना विचार. फोन स्पीकरवर होता. तिकडे भाची दादांना विचारताना ऐकू आली. मग भाची म्हणाली, "आत्या, बाबा मान हलवतायत. नाही म्हणतायत. रडतायत."

सिस्टरांनी फोन ठेवला. पडद्यावर नजर लावून पुटपुटल्या. मी पूर्ण वाकलो तेव्हा कुठे ऐकू आलं, "पेशंट नको म्हणाला म्हणून सलाईन काढतात का? उपाशी मरेल तो." पडद्याने दोनदा विचारलं, नक्की का? दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच्या बोटाने हो केलं.

नवं बेट चालू झालं. अगदी विनाअडथळा. दादा त्यावर उतरले, धक्क्यावरच उभे राहिले आणि पाठ फिरवली. सिस्टर पडद्याशी बोलत राहिल्या. उडी नाही, गिरकी नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग ते यायचेच बंद झाले.

त्या गुरुवारी सिस्टरांनी मलिदा केला. मला घरी बोलावलं, हातावर प्रसाद ठेवला. मी म्हणालो, "पण सिस्टर, काम कुठे झालं?" तर म्हणाल्या, "उघडलं होतं ना? दिसला होता ना मला? देवाला शब्द दिला तो उघडण्याचा दिला होता. टिकण्याचा द्यायला विसरले, ती माझी चूक."

आणि पुढच्याच आठवड्यात कंपनीचं नवं अपडेट आलं. ज्यांनी जुनी बेटं ठेवली होती त्यांची सगळी नीट उघडू लागली. लोक कंपनीचे आभार मानत होते. मी ते दुकानात बसून वाचलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं. न सांगताही चाललं असतं, सिस्टर इंग्रजी बातम्या वाचत नसत. पण त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळेल ही भीती मला जास्त होती. गेलो आणि सांगितलं. आठवडाभर थांबलो असतो तर घर वाचलं असतं. मी पुसा म्हणालो ते वैतागून म्हणालो, हेही सांगितलं.

मी वाकून उभा राहिलो, ऐकायला. पण त्या नेहमीच्या आवाजात बोलल्या.

"तू थकला होतास, ते मला दिसत होतं. तरी तुझं ऐकलं. बोट माझं होतं, सुभाष. त्याचं घर मी त्याच्या डोळ्यांसमोर पाडलं, आणि तो नको म्हणत होता." मग म्हणाल्या, "उभी नोकरी मी पेशंटना विचारलंच नाय कधी. झोप, कूस बदल, हात दे. चांगल्यासाठीच केलं सगळं. पण विचारलं नाय."

"मी दादांना लिहू का?" मी विचारलं.

"तू काय लिहिणार? आणि मी तरी त्या मशिनीतून काय सांगणार? ती मध्येच बंद पडली म्हणजे? पासपोर्टला काय काय लागतं, ते बघ."

ज्या बाईला नातलगांच्या इतक्या वर्षांच्या आर्जवांनी पेणमधून हलवलं नाही, ती त्या फसलेल्या गेममुळे हलली. फॉर्म मी भरले. सगळे कागद होईपर्यंत त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. निघायच्या दिवशी आळीतली माणसं गोळा झाली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, आता आमचं बीपी कोण बघणार?" त्या म्हणाल्या, "मीठ कमी खा. बघायला लागणार नाय." बॅगेत कडव्या वालांची पिशवी होती. त्या गाडीत बसल्यावर मी पुन्हा सॉरी म्हणालो. त्यांनी काच वर केली.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मी निरोप पाठवले, उत्तर नव्हतं. मी समजून गेलो की एक तर दादांनी त्यांना माफ केलेलं नाही, नाहीतर त्यांनी मला. दोन्ही रास्त होतं. आणि एका सकाळी, मी दुकानाला कुलूप काढत असताना, मोबाईलवर त्यांचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. आहे तसा लिहितो.

"सुभाष, पोचले रे. उशीर झाला कळवायला. मी आले तेव्हा दादा खुर्चीत बसला होता, बघेना माझ्याकडे. मी खाली पायाशी बसले, म्हटलं, दादा, चुकले. तर डावा हात उचलला आणि पाठीत असा धपाटा घातला की भाची आतून धावत आली. लहानपणी घालायचा ना, तसाच. जोर हाय अजून. आणि मग हात काढलाच नाय त्यानं. तसाच ठेवला पाठीवर. माझे गुडघे पार गेले रे, पण मी उठले नाय."